बॉनेटवरील भस्माची जागा

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. ज्यांनी आयुष्यभर लेखन केले त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी पात्रता नाही, आणि ज्या विषयावर लिहू पाहतो आहे तो विषयही लेखणीचा नाही, फडक्याचा आहे. मोटारीच्या रंगावर शेवटचा थर वॅक्सचा द्यावा की सीलंटचा, हा काही कुणा वाचकाचा वेळ घ्यावा असा प्रश्न नव्हे. शिवाय या कामातही मी उशिराच आलो. माझ्या वयाची माणसे सकाळी फिरून येतात आणि वर्तमानपत्र उघडतात. मी त्या वयात मोटार पुसायला शिकलो. तरीही लिहितो आहे, कारण काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत आणि समोरासमोर आभार मानणे मला कधीच साधले नाही. ऐनवेळी शब्द घशातच बसून राहतात. कागदावर ते निदान बाहेर पडतात, एवढाच या लेखनाचा आधार.

परभणीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. शिकवणे आवडायचे, परंतु समोर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांची भीती वाटायची. म्हणून सगळी नोकरी मी बहुतांशी फळ्याकडे तोंड करून काढली. निवृत्त झालो तेव्हा आमच्या जुन्या मोटारीचा रंग उन्हाने पार विटलेला होता. रिकामपणी तो पूर्ववत करता येतो का हे पाहू लागलो, पुस्तके मागवली, चित्रफिती पाहिल्या, चुका केल्या, आणि एके दिवशी त्या मोटारीच्या दारात मला माझा चेहरा दिसला. शेजारच्या गृहस्थांनी आपली मोटार आणून लावली. मग त्यांच्या मेहुण्यांनी. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे माझे दुसरे काम सुरू झाले. या कामाला डिटेलिंग म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला ‘सरांचं गाडी घासणं’ म्हणतात, आणि तेही चुकीचे नाही.

हे काम मला मानवले ते एका कारणामुळे. मोटार आपल्याकडे बघत नाही.

गिऱ्हाइकांशी बोलण्याचा भाग माझ्या पत्नीने उचलला. ती मूळची झरी गावची. शेतावर मजुरांशी, बाजारात व्यापाऱ्यांशी आणि घरी माझ्याशी ती एकाच मोकळेपणाने बोलत आलेली आहे. मी आत फडके पिळत असे आणि ती बाहेर सांगत असे, “सर लय बारीक काम करतेत, पर घाई करू नका. घाई केली की ते चहा पिऊन येतो म्हनून गच्चीवर जाऊन बसतेत.” हे शब्दशः खरे होते.

वॅक्स आणि सीलंट यांच्यातला भेद थोडक्यात सांगणे भाग आहे. मोटार धुऊन, रंगात रुतलेली घाण काढून, पॉलिश करून झाल्यावर रंग उघडा पडतो. त्याच्यावर संरक्षणाचा एक पातळ थर द्यावा लागतो. वॅक्स म्हणजे मेण. ताडाच्या जातीच्या एका परदेशी झाडाच्या पानांवरून ते मिळते. त्याची चमक मऊ असते, गडद रंगाला ते खोली देते, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात फार दिवस टिकत नाही. सीलंट हे प्रयोगशाळेत घडवलेले रसायन. ते रंगाला घट्ट धरून बसते, काचेसारखे चमकते आणि उन्हाला पुरून उरते. याच्याही पुढची पायरी म्हणजे कोटिंग. ते एकदा बसले की घासून काढल्याशिवाय निघत नाही. या सर्वांचे कौतुक ज्या एका गुणासाठी होते तो गुण म्हणजे पाणी झटकून टाकणे. चांगल्या थरावर पाण्याचे टपोरे मणी होतात आणि ते घरंगळून जातात. गिऱ्हाईक ते पाहते आणि प्रसन्न होते.

तरीही “सर, यातलं कोणतं चांगलं?” असे कुणी विचारले की मी गोंधळून जाई. काळ्या रानातून रोज जाणारी जीप, कडुलिंबाखाली उभी राहणारी मोटार आणि कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ थांबणारे वाहन यांना एकच उत्तर कसे द्यावे? बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग तर प्रत्येकाच्याच नशिबी. पुस्तकांतली उन्हे आमची नव्हती. म्हणून मी भंगारातून मरून रंगाचे एक बॉनेट आणले, ते नीट पॉलिश केले, चिकटपट्टी लावून त्याचे उभे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळे वॅक्स किंवा सीलंट लावले. कडेचा एक पट्टा उघडाच ठेवला. मग ते बॉनेट गच्चीवर उन्हात मांडले. चैत्र चालू होता आणि गच्चीवर पत्नीच्या कुरडया वाळत होत्या.

शेजारच्या वहिनींनी आपल्या गच्चीवरून पाहिले आणि हाक मारली, “काय वो, यंदा काय नवीनच वाळवन घातलंय?”

“काय सांगू बाई,” पत्नी म्हणाली, “लोकाच्या घरी पापड वाळायलेत, आमच्या घरी बॉनेट. तळून बघते, फुगलं तर धाडते वाटीभर.”

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी त्या पट्ट्यांवर पाणी शिंपडून पाहत असे. कुठे मणी होतात, कुठे पाणी नुसतेच पसरते, हे मनात टिपून ठेवत असे. पाऊसकाळ संपता संपता एक सीलंट सर्वांत उत्तम ठरले. मधल्या पट्ट्यावरचे एक जुन्या पद्धतीचे मऊ वॅक्स मात्र उन्हाने थकून गेले होते. त्याच्यावर पाणी मणी न होता सावकाश पसरे. ते मी मनातल्या मनात बाद केले.

नवरात्राच्या काही दिवस आधी एक बाई आमच्याकडे आल्या. पालमहून यष्टीने आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील, आडवळणाच्या एका गावात शाळेवर शिक्षिका होत्या. मोटार सोबत नव्हती. पत्नीने पाणी दिले आणि विचारले, “गाडी कुठाय बाई तुमची?”

“घरी उभी हाय, कापडाखाली,” त्या म्हणाल्या. “तिला काय झालंय तेच सांगायला आले.”

त्यांनी सांगितले ते असे. त्यांची शाळा बसच्या थांब्यापासून लांब होती. बस चुकली की संध्याकाळ वाटेतच सरे. पुण्याच्या भावाने नवी मोटार घेतली तेव्हा जुनी बहिणीला देऊ केली. बाईंनी मोटार चालवणे शिकून घेतले. घरात यजमानांचे किराणा दुकान आणि सासूबाई, ज्यांना बाई ‘आत्याबाई’ म्हणत. घर शिवभक्तांचे, सासूबाईंच्या गळ्यात इष्टलिंग, कपाळावर रोज भस्माचे तीन पट्टे. सुनेने एकटीने मोटार चालवावी हे त्यांना आधी पटत नव्हते, पण बरेच दिवस विचार करून त्यांनी होकार दिला. मोटार पालमला आली त्या दिवशी त्यांनी स्वतः पूजा मांडली. भस्माची वडी पाण्यात उगाळली, तीन बोटे बुडवली आणि बॉनेटवर आडवी ओढली.

“आणि पट्टे उठलेच न्हाईत, सर,” बाई म्हणाल्या. “सगळ्या भस्माचे थेंब झाले आणि खाली पळाले. आत्याबाईंनी पुन्हा ओढलं, पुन्हा पळालं. गल्लीतल्या बाया बघत होत्या. एकजण म्हणाली, माहेरची गाडी हाय ना, सासरची इभूत कशाला घेतीय.”

“कोन ती भवानी?” पत्नीने मध्येच विचारले.

“तिचं जाऊ द्या. पण आत्याबाईंच्या मनात ते बसलं. म्हणाल्या, गाडीनं इभूत झिडकारली, तिच्यात बसायचं न्हाई. मी बसायची न्हाई आणि तूबी बसायचं न्हाई. तेव्हापासून ती उभीच हाय. भाऊ म्हणतो, वापरत नसाल तर दसऱ्यानंतर परत नेतो, माझ्याकडं मागणारे हायत. सर, मी चालवायला शिकलेय. मला ती पाहिजे.”

मला काय घडले होते ते लगेच कळले. भावाने मोटारीवर उत्तम कोटिंग करून घेतलेले होते. ते आपले काम चोख करत होते. पावसाचे पाणी झटकावे तसे त्याने भस्माचे पाणी झटकले. ज्या गुणासाठी लोक आमच्याकडे येत, त्याच गुणाने या घरात अनर्थ केला होता.

“खंडेनवमीला पुन्हा पूजा हाय,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी भस्म टिकलं पाहिजे. तुम्ही त्याच्यावर काहीतरी लावा. आत्याबाईंना काही सांगू नका. मी रंगाचं काम काढलंय म्हणून गाडी घेऊन येते.”

मी होय म्हणालो. बोलावे लागणार नव्हते, हेच मला बरे वाटले.

त्या गेल्यावर मी बाजारातून भस्माची वडी आणली आणि गच्चीवर बसलो. कोटिंग बॉनेटच्या मध्यभागातून घासून काढता येईल हे निश्चित होते. पण त्या जागी नंतर काय लावायचे? रंग अगदी उघडा ठेवावा तर भस्म टिकेल. परंतु ओली राख रंगाला चांगली नसते. उन्हात ती वाळत राहिली की काही महिन्यांत रंगावर कायमचा व्रण उमटतो. तेव्हा असा थर हवा होता, जो भस्माला बसू देईल आणि रंगापर्यंत मात्र पोहोचू देणार नाही. मी पट्ट्यापट्ट्यावर तीन बोटे ओढून पाहू लागलो. एकदा टिके, एकदा ओघळे. पाणी किती घ्यावे, बोट किती दाबावे, काहीच कळेना. माझे कपाळ जन्मभर कोरडे. भस्म लावण्याचा हात मला नव्हता.

पत्नी कपडे वाळत घालायला वर आली. माझी पांढरी बोटे पाहून म्हणाली, “अहो, हे काय करायलाव?”

मी सांगितले.

“मग ज्याचं बोट त्यालाच इचारा की. त्या सासूबाईला बोलवा हितं.”

“पण त्यांना सांगायचे नाही असे ठरले आहे.”

“कुनी ठरवलं? त्या म्हनल्या आन् तुमी मान हालवली.” तिने हातातला पंचा दोरीवर झटकला. “चोरून केलं आन् दोन महिन्यानं पुन्हा पळाली इभूत, तर? मग त्या पोरीला कोन सोडवनार? बोलायचं मी बघते. तुमी फक्त खाली येऊन उभं राहा, गच्चीवर पळू नका.”

तिनेच त्या बाईंना फोन केला. काय बोलली ते मला ठाऊक नाही. स्वयंपाकघरातून बराच वेळ आवाज येत होता आणि मध्येच हसणेही. दुसऱ्या रविवारी दोघी येणार असे ठरले.

त्या रविवारी आधी मोटार आली. पांढरी, लहानशी, अतिशय सुरेख राखलेली. चालवत शिक्षिका बाई, एकट्याच. मी मागे पाहिले, दार उघडून पाहिले, सासूबाई नव्हत्या.

“आत्याबाई यष्टीनं यायल्यात,” त्या संकोचाने म्हणाल्या. “गाडी डाक्टरकडं न्यायला परवानगी दिली, पण बसल्या न्हाईत. गंगाखेडपर्यंत त्यांची बस माझ्या मागंच होती. पुढच्या काचेतून माझ्याकडं बघत होत्या.”

थोड्या वेळाने रिक्षातून सासूबाई उतरल्या. उंच, सडपातळ, हातात कापडी पिशवी. कपाळावरचे तीन पट्टे इतके सरळ होते की मला पट्टी धरून फळ्यावर ओढलेल्या माझ्या आडव्या रेघा आठवल्या. पत्नी पुढे झाली. “या मावशी. लय उशीर केला यष्टीनं?”

“यष्टी येळंवरच व्हती. ही फटफट लवकर आली,” मोटारीकडे न पाहता त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तुमीच का मास्तर? मोटारीला आवशीद देनारे?”

मी मान हलवली. पत्नीने माझ्याकडे पाहिले. आता बोलणे भाग होते. मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. पण भिंतीजवळच सासूबाई उभ्या होत्या, त्यामुळे इलाज उरला नाही. मी सांगितले की या मोटारीवर आधीच्या मालकांनी पाणी टिकू न देणारा लेप दिला आहे. तो पावसाचे, धुण्याचे, कोणतेच पाणी टिकू देत नाही. मग एक तांब्या बॉनेटवर ओतून दाखवला. पाण्याचे मणी झाले आणि सरसर उतरून गेले.

त्यांनी ते नीट पाहिले. “पुन्हा वता,” म्हणाल्या. मी पुन्हा ओतले. त्यांनी दारावर ओतायला लावले, मग टपावर. सगळीकडे तेच झाले.

“म्हंजी तेल लावलेल्या तव्यावर पानी पळतं, तसं व्हय?”

“अगदी तसेच.”

“आन् ते हिच्या भावानं लावलं.”

“चमक टिकावी म्हणून. त्यात दुसरे काही नाही.”

त्या भिजलेल्या बॉनेटकडे पाहत राहिल्या. शिक्षिका बाई बोटांत किल्ली फिरवत उभ्या होत्या आणि मला वाटले, सर्व इथेच संपते की काय. कारण एखाद्याला कारण कळले म्हणजे मन वळतेच असे नाही, हे वर्गात मी पुष्कळ वेळा अनुभवले होते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, “तुमचं खरं असंल मास्तर. पर इभूत टिकल्याबिगर मी काय मानायची न्हाई. डोळ्यानं बघू द्या.”

हीच तर आमची तयारी होती. पत्नीने आणि मी गच्चीवरचे बॉनेट खाली आणून अंगणात दोन पाटांवर ठेवले होते. त्यावरचे पट्टे पाहून त्यांनी विचारले, “हे काय, लुगड्याचा नमुना?”

“वाळवन हाय त्यांचं, मावशी,” पत्नी म्हणाली. “सहा महिन्यापासून वाळायलंय. अजून शिजंना.”

पहिल्यांदा त्या हसल्या. मग पिशवीतून स्वतःची भस्माची वडी काढली, पितळेची लहान वाटी काढली. पाणी मागितले आणि तेही मला वाटले होते त्याहून फारच थोडे. वडी सावकाश उगाळली, आणि डोळे क्षणभर मिटून पहिल्या पट्ट्यावर तीन बोटे ओढली. हा माझ्या उत्तम सीलंटचा पट्टा होता. रेघा तुटल्या आणि थेंब झाले.

“हे कुचकामी,” त्या म्हणाल्या.

पुढच्या पट्ट्यावरही रेघा तुटल्या; त्याच्या पुढच्यावर टिकल्या, पण कडा फाटल्यासारख्या झाल्या. “हे चोरून घेतंय,” त्या म्हणाल्या. उघड्या पट्ट्यावर भस्म छान बसले. त्यांनी समाधानाने मान हलवली. पण त्याने रंगाला जखम होईल हे मी सांगितले तेव्हा लगेच हात काढला. “मोटार नासायची न्हाई. पोरीची हाय ती.” हे त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, पण सुनेने ऐकले.

राहिला होता मधला पट्टा, थकलेल्या वॅक्सचा. त्यावर त्यांनी बोटे ओढली. तीन रेघा सरळ उमटल्या आणि तशाच राहिल्या. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. ऊन पडलेले होते. पाणी उडून गेले आणि रेघा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मी ओल्या फडक्याने त्यांचे एक टोक हळूच पुसले. भस्म निघाले आणि खाली रंग जसाच्या तसा होता.

“हे कोनतं आवशीद?” त्यांनी विचारले.

मी खरे ते सांगितले. हे साधे मेण आहे, आणि उन्हाने त्याचा जोर गेलेला आहे. नवे लावले तर ते थोडे दिवस पाणी झटकेल, म्हणून साबणाच्या पाण्याने पुसून त्याला मुद्दाम म्हातारे करावे लागेल.

“माझ्यावानी म्हातारं करा,” त्या म्हणाल्या. “म्हंजी ऐकंल.”

मग काम सुरू झाले. मोटारीच्या बॉनेटवर जागा किती ठेवावी हा प्रश्न होता. मी मोजपट्टी आणायला निघालो तर सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी कोरडी बोटेच बॉनेटवरून एकदा फिरवली. “एवढी.” मी त्यांच्या बोटांच्या वाटेभोवती चिकटपट्टी लावली. तेवढ्या भागातले कोटिंग हाताने घासून काढले, रंग बारीक पॉलिशने गुळगुळीत केला, वॅक्सचा पातळ थर दिला आणि साबणाच्या पाण्याने तो पुसला. सगळा वेळ त्या पाटावर बसून पाहत होत्या. पत्नीने जेवायचा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “आधी हे होऊ द्या. मग घास जाईल.”

चिकटपट्टी काढली तेव्हा आरशासारख्या बॉनेटच्या मधोमध एक मंद चौकोन दिसू लागला. डिटेलिंग करणाऱ्या कुणालाही तो दोषच वाटला असता. मलाही आतून किंचित टोचले, हे नाकारत नाही.

सासूबाई उठल्या. मुहूर्त खंडेनवमीचा होता, पण तोवर थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. वाटीतले भस्म पुन्हा ओले केले आणि तीन बोटे ओढली. रेघा बसल्या. त्या उभ्याच राहिल्या. रेघा वाळल्या, पांढऱ्या झाल्या, एकही थेंब खाली आला नाही.

“घेतली,” त्या म्हणाल्या.

शिक्षिका बाईंनी तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “गाडीचा काय दोस न्हवता. तुजा तर न्हवताच. मी लय बोलले.” मग लगेच आवाज चढवून, “आता रडत बसू नको. अंधाराच्या आत घर गाठायचंय. जेवन झालं की चालीव.”

जेवणे झाली. निघताना त्यांनी आधी मागचे दार उघडले, आत वाकून पाहिले, ते बंद केले आणि पुढे येऊन सुनेशेजारी बसल्या.

“आत्याबाई, पट्टा लावा.”

“तो कशाला? मी काय पळून जायलेय का?”

“सगळ्यांनीच लावायचा असतो.”

“लाव मग. बांदून ने.”

मोटार गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पत्नी हात हलवत होती. मी आभार मानायला हवे होते. माझ्या हातून ते घडले नाही. मी चिकटपट्टीचे तुकडे गोळा करत राहिलो.

खंडेनवमीला पालमच्या त्या गल्लीत पुन्हा पूजा झाली. टोमणा मारणाऱ्या बाईला सासूबाईंनी मुद्दाम बोलावून पुढे उभे केले होते, असे आम्हाला नंतर कळले. भाऊ मोटार न्यायला आला नाही. त्याने बॉनेटवरचा चौकोन फोनवर पाहिला आणि एवढे चांगले कोटिंग कुणी खरवडले म्हणून हळहळला. त्याच्या जागी मीही हळहळलो असतो. बाई रोज त्या मोटारीने शाळेत जातात.

थकलेले वॅक्स आणखी थकते, म्हणून दर काही आठवड्यांनी तो चौकोन नव्याने करावा लागतो. पहिल्या दोन खेपांना तो मी केला. तिसऱ्या खेपेस सासूबाईंनी माझ्या हातातले फडके काढून घेतले. आता त्या स्वतःच वॅक्स लावतात. अगदी पातळ, गोल हात न फिरवता, आडव्या ओढीने. मी फक्त डबी उघडून देतो. येताना करडईचे तेल आणतात, कधी हरभऱ्याची डाळ, आणि पत्नीशी अंगणात इतका वेळ बोलत बसतात की मोटारीचे निमित्त कुणाला आठवत नाही. एकदा मला म्हणाल्या, “मास्तर, तुमी बोलायला लागलाव की.” मी फळ्याकडे पाहावे तसे शेडच्या पत्र्याकडे पाहिले.

पण त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या पत्नीने मला त्या दिवशी गच्चीवर पळू दिले नाही, ज्या सुनेने बसचा प्रवास करून आपले गाऱ्हाणे एका अनोळखी माणसापुढे मांडले, आणि ज्या सासूबाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले पण स्वतःच्या बोटांनी पारखल्यावाचून मानले नाही, त्या तिघींचा मी ऋणी आहे. मी बाद केलेला पट्टा त्यांच्या कामी आला, याचा आनंद मला माझ्या उत्तम सीलंटच्या यशापेक्षा अधिक आहे. ते मरून बॉनेट अजून गच्चीवर आहे. यंदा त्यावर दोन पट्टे वाढवले; कुरडयांनी जागा करून दिली.

आता कुणी मोटार घेऊन आले आणि “यातलं कोणतं चांगलं?” असे विचारले की मी पत्नीला हाक मारत नाही. उन्हाविषयी, चिखलाविषयी, कडुलिंबाविषयी नंतर विचारतो. आधी दुसरेच विचारतो. कुणी सांगतो, आई कुंकवाचे स्वस्तिक काढते, आणि मग मी कुंकवाचा डाग धरू न देणारे सीलंट सुचवतो. कुणी म्हणतो, बायको हळद तेलात कालवून लावते. एक तरुण गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले की पूर्वी वडील करायचे, आता कुणीच करत नाही. त्यांच्या मोटारीला काय लावावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. हे विचारताना अजूनही माझे कान गरम होतात, पण विचारतो. एवढे वाचलेत म्हणून तोच प्रश्न आपल्यालाही विचारण्याचे धाडस करतो: तुमच्या घरी गाडीची पूजा कोण करते?